दृष्टी गेल्यावर समुद्र लिहिणारे रम्फियस

जुन्या गोव्याच्या बासिलिकेत ज्यांचे शव जतन केलेले आहे, ते फ्रान्सिस झेवियर १५४६ साली पूर्वेकडील अंबोन बेटावर काही महिने राहिले होते. त्या समुद्रात वादळात हरवलेला त्यांचा क्रूस एका खेकड्याने किनाऱ्यावर आणून दिला, अशी आख्यायिका आहे. पाठीवर क्रूसाची खूण असलेली कुर्ली बाजारात दिसली की ही कथा आपल्याकडे अजूनही निघते. अंबोन त्या वेळी पोर्तुगिजांच्या प्रभावाखाली होते आणि त्याचा कारभार दूरवरून का होईना, गोव्याशी जोडलेला होता. १६०५ साली डचांनी तेथील किल्ला घेतला आणि हा धागा तुटला. त्यानंतर सुमारे पन्नास वर्षांनी त्याच बेटावर एक जर्मन शिपाई उतरला. त्याने पुढे त्या बेटाच्या समुद्रातील शंख, शिंपले, खेकडे, प्रवाळ आणि किडे यांची जी नोंद केली, तिच्यावाचून उष्णकटिबंधातील सागरी जीवांचा इतिहास आजही लिहिता येत नाही. त्याचे नाव गेऑर्ग एबरहार्ड रम्फियस.

रम्फियस यांचा जन्म १६२७ साली जर्मनीच्या हेसन प्रांतातला. वडील बांधकामशास्त्र जाणणारे होते. त्यांच्याकडून मुलाला गणित, आरेखन आणि अभियांत्रिकी मिळाली, तर हानाउ येथील शाळेतून लॅटिनचा पक्का पाया मिळाला. तीस वर्षांच्या युद्धाने तो सारा मुलूख होरपळून निघालेला होता. तरुणांना दूर देशी जाण्याची ओढ लागावी असाच तो काळ. रम्फियस सैन्यात भरती झाले ते व्हेनिसला जाण्याच्या समजुतीने. प्रत्यक्षात त्यांना चढवले गेले ब्राझीलकडे निघालेल्या जहाजावर. ते ब्राझीललाही पोहोचले नाहीत. त्यांचा प्रवास पोर्तुगालमध्ये संपला आणि सुमारे तीन वर्षे तेथेच गेली. या फसगतीचा एक लाभ असा झाला, की पूर्वेच्या बंदरांतून त्या काळी सर्वत्र बोलली जाणारी पोर्तुगीज भाषा त्यांच्या जिभेवर बसली.

घरी परतल्यावर त्यांनी डच ईस्ट इंडिया कंपनीची नोकरी धरली आणि १६५२ च्या डिसेंबरअखेरीस पूर्वेकडे प्रयाण केले. बटाव्हियामार्गे ते अंबोनला पोहोचले. उरलेले सगळे आयुष्य, जवळजवळ अर्धे शतक, त्यांनी त्याच बेटावर काढले. युरोप त्यांनी पुन्हा पाहिला नाही.

अंबोनमधील कंपनीचे राज्य म्हणजे लवंगेचे राज्य होते, हे येथे सांगितलेच पाहिजे. लवंग केवळ कंपनीने ठरवलेल्या जागी पिकावी, केवळ कंपनीला विकली जावी, यासाठी इतर बेटांवरची झाडे तोडली जात. त्या कामगिरीवर निघणाऱ्या नावांचे वल्हे मारायला गावकऱ्यांनाच जुंपले जाई. बेटाच्या उत्तरेकडील हितू किनाऱ्याने या मक्तेदारीविरुद्ध दीर्घ झुंज दिली आणि रम्फियस येण्याच्या काही वर्षेच आधी ती मोडून काढण्यात आली होती. लष्करी पेशा सोडून व्यापारी शाखेत गेलेल्या रम्फियस यांची नेमणूक झाली ती नेमकी याच हितू किनाऱ्यावर, आधी लारिके येथे आणि नंतर हिला येथे. म्हणजे ज्यांचा पराभव कंपनीने केला होता त्यांच्याच गावांत कंपनीचा अधिकारी म्हणून त्यांना राहायचे होते. त्यांच्या विद्येचे सारे वैभव आणि तिच्यातील सारा पेच या एका गोष्टीत आहे.

हिला येथील दिवसांत कचेरीचे काम आटोपल्यावर रम्फियस बेटाकडे वळत. युरोपातून आलेली पुस्तके येथल्या निसर्गापुढे तोकडी पडतात, हे त्यांना लवकर उमगले. प्लिनी आणि ॲरिस्टॉटल यांच्या ग्रंथांत अंबोनच्या खडपांवरील जीव नव्हते. गोव्यात १५६३ साली छापल्या गेलेल्या गार्सिया द ओर्ता यांच्या ग्रंथाची त्यांना माहिती होती. पण तो औषधींचा ग्रंथ, आणि तोही मलबार व कोकणच्या किनाऱ्यावरचा. अंबोनच्या समुद्राचे पुस्तक एकाच ठिकाणी उपलब्ध होते, आणि ते म्हणजे तेथील माणसांच्या स्मरणात.

ओहोटी लागली की अंबोनच्या बायका आणि मुले टोपल्या घेऊन उघड्या पडलेल्या खडकांवर उतरतात. शंख-शिंपले, खेकडे, समुद्रकाकड्या वेचण्याच्या या कामाला तेथे बामेती म्हणतात. आपल्याकडे खाडीत तिसऱ्या आणि खुबे काढणाऱ्या, खडपांवर कालवे फोडणाऱ्या बायकांना पाहिलेल्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. कोणता शंख कोणत्या चंद्राला वर येतो, कोणता खाण्याजोगा, कोणता हाताला लावू नये, कोणत्या शिंपल्याचा चुना चांगला, हे सारे त्या टोपलीवाल्यांना ठाऊक असते. रम्फियस यांनी त्यांनाच विचारले. मच्छीमार, वैदू, मुसलमान गावांतील इमाम, गावप्रमुख, बांदा बेटांवरचे गुलाम, चिनी व्यापारी, ज्याच्याकडे जी माहिती असेल ती त्याच्याकडून घ्यायची, हा त्यांचा रिवाज झाला. प्रत्येक जीवाखाली लॅटिन आणि डच नावाबरोबर मलय नाव, अंबोनी नाव, आणि शेजारच्या बेटांवरची नावेही ते लिहीत. त्या काळातील युरोपीय संग्राहकाला शंख सुंदर असला म्हणजे पुरे होत असे. तो कसा जगतो, कशाने पकडतात, कसा शिजवतात, त्याविषयी कोणती श्रद्धा आहे, याची चौकशी करणारे विरळा.

या पद्धतीचे फळ पाहायचे असेल तर नॉटिलसचे उदाहरण घ्यावे. त्याचे मोत्यासारखे चमकणारे कवच सोन्याचांदीत मढवून युरोपातील राजेरजवाडे पेले म्हणून मिरवत होते; आतला जीव मात्र कोणी धड पाहिलेला नव्हता. अंबोनच्या कोळ्यांना तो परिचित होता, कारण तळाशी सरपटताना तो कधी कधी त्यांच्या मासे धरायच्या बांबूच्या सापळ्यांत शिरत असे. रम्फियस यांनी त्या सापळ्यांतून आलेला नॉटिलस पाहिला, त्याचे वर्णन केले आणि चित्र काढवून घेतले. पुढे दीर्घकाळ शास्त्रज्ञांना त्या जीवाची कल्पना यायची ती याच वर्णनावरून आणि चित्रावरून.

वावो नावाच्या किड्याची हकीकत तर त्याहून रोचक आहे. वर्षातून एकदा, साधारण मार्च-एप्रिलच्या सुमारास, पौर्णिमेनंतरच्या मोजक्या रात्री प्रवाळांच्या फटींतून असंख्य किडे पाण्यावर येतात. वस्तुतः हे समुद्री कृमींच्या शरीराचे प्रजननासाठी सुटलेले भाग असतात. गावेच्या गावे मशाली आणि चाळण्या घेऊन पाण्यात उतरतात आणि पकडलेले किडे मसाला घालून टिकवतात. चंद्र आणि समुद्री जीवांचे प्रजनन यांचा हा संबंध रम्फियस यांनी तिथींसह नोंदवला. असल्या घटनेचे हे जगातील सर्वांत जुन्या लेखी वर्णनांपैकी एक होय. तिथी अर्थातच त्यांनी शोधल्या नव्हत्या. गावे ती गणना पिढ्यान्‌पिढ्या करीतच आली होती. अंबोनमध्ये आजही त्या रात्री लोक पाण्यात उतरतात.

आणखी एक नोंद बांदा बेटावरची आहे. रापण ओढताना एका गुलाम स्त्रीला एक सुंदर नक्षीचा शंख सापडला. तो हातात धरून ती किनाऱ्याकडे चालत आली. हाताला किंचित खाज सुटली, ती दंडावरून अंगात पसरत गेली आणि ती स्त्री जागीच मरण पावली. कोनस जातीच्या शंखाच्या दंशाने मृत्यू आल्याची ही पहिली ज्ञात नोंद. त्या स्त्रीचे नाव ग्रंथात नाही. या जातीचे शंख आपल्याही खडकाळ किनाऱ्यांवर आढळतात, म्हणून ही हकीकत नुसती ऐकून सोडून देण्याजोगी नाही. सुमारे तीन शतकांनंतर फिलिपिनो वंशाचे शास्त्रज्ञ बाल्डोमेरो ऑलिव्हेरा आणि त्यांचे सहकारी यांनी याच कुळातील शंखांच्या विषावर संशोधन केले. त्यातून सिकोनोटाइड हे तीव्र वेदनांवरचे औषध निघाले व २००४ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. अफूपासून बनणाऱ्या औषधांहून त्याचा मार्ग निराळा आहे.

ऐकीव माहितीवर इतका भर दिला की चूकही पदरी येते. मोठ्या दुहेरी आकाराचा दर्यायी नारळ आपल्याकडे वैद्यांच्या दुकानात आणि साधूंच्या हातात कमंडलूच्या रूपाने दिसतो. हा नारळ लाटांबरोबर वाहत येई, पण त्याचे झाड कोणी पाहिलेले नव्हते. जावाच्या दक्षिणेला समुद्राच्या भोवऱ्यात ते झाड उभे असून त्यावर गरुड राहतो, अशी खलाशांची कथा होती. रम्फियस यांनी ती लिहून घेतली. गरुड सोडून दिला, तरी हे फळ समुद्रातच उगवते असे त्यांचे स्वतःचे मतही झाले. सेशेल्स बेटांवरील जंगलात ती झाडे सापडली १७६८ साली. प्रवाळांनाही त्यांनी आपल्या वनस्पतिग्रंथाच्या शेवटच्या, बाराव्या भागात समुद्रातील झाडे म्हणून स्थान दिले. त्या काळी बहुतेक विद्वान तसेच मानीत.

१६७० साली, बेचाळिसाव्या वर्षी, काही आठवड्यांतच रम्फियस यांची दृष्टी गेली. उन्हातान्हात हिंडल्याचा हा परिणाम असे ते मानीत. आजचे अभ्यासक काचबिंदूकडे बोट दाखवतात. लॅटिनमध्ये लिहायला घेतलेला वनस्पतिग्रंथ अर्धवट पडला होता. आता मजकूर सांगून लिहून घ्यायचा तर लॅटिन जाणणारे लेखनिक बेटावर कोठून मिळणार? म्हणून त्यांनी आरंभापासून सारे पुन्हा डच भाषेत सांगायला घेतले. कंपनीने त्यांना नोकरीवरून दूर केले नाही; पगार चालू ठेवला आणि पुढे लेखनिक व चित्रकारही दिले. नफ्यातोट्याच्या पलीकडे क्वचितच पाहणाऱ्या कंपनीच्या हिशेबात ही एक जमेची बाजू धरली पाहिजे.

दृष्टी गेल्यावर त्यांचे इतरांवरचे अवलंबन संपूर्ण झाले. शंख हातात घेऊन त्याच्या कडा, वेटोळी, दात ते बोटांनी चाचपून ओळखत. रंग मात्र दुसऱ्या कोणी सांगावा लागे. किनाऱ्यावरून टोपली घेऊन येणारा मुलगा, शेजारी बसलेला लेखनिक, चित्र काढणारा मुलगा पाउलस या सर्वांच्या डोळ्यांनी ते पाहू लागले.

१७ फेब्रुवारी १६७४ ची संध्याकाळ. अंबोन शहरात चिनी नववर्षाचा उत्सव चालला होता. अकस्मात मोठा भूकंप झाला. रम्फियस यांची पत्नी सुझान्ना आणि एक मुलगी कोसळलेल्या भिंतीखाली सापडून मृत्यू पावल्या. वनस्पती गोळा करण्याच्या कामात सुझान्ना ही त्यांची पहिली सोबती होती. पुढे त्यांनी एका शुभ्र ऑर्किडला तिचे नाव दिले आणि ते शास्त्रीय नावात आजही टिकून आहे. त्याच रात्री हितूच्या किनाऱ्यावर समुद्र चालून आला. सेइत, हिला आणि आसपासच्या गावांत लाटांनी हाहाकार उडवला. बेटावर एकूण दोन हजारांहून अधिक माणसे दगावली, त्यांतील बहुतेक याच किनाऱ्यावरची. रम्फियस यांनी उमेदीची वर्षे ज्या लोकांत काढली, ज्यांच्याकडून ते समुद्र शिकले, त्यांची गावे ती हीच. त्यांच्या नावे मानला जाणारा या आपत्तीचा वृत्तान्त १६७५ मध्ये छापला गेला. इंडोनेशियातील सुनामीचा तो सर्वांत जुना तपशीलवार वृत्तान्त असून भूकंपशास्त्रज्ञ आजही तो उघडून बसतात.

यानंतरची वर्षे म्हणजे हानीची एक मालिकाच आहे. १६८१ साली जर्मनीतील निसर्गशास्त्रज्ञांच्या अकादमीने त्यांना सभासद करून घेतले आणि भारतखंडाचा प्लिनी असे बिरुद दिले. पण दुसऱ्याच वर्षी, १६८२ मध्ये, अनेक वर्षे जमवलेला शंखांचा संग्रह त्यांना टस्कनीचे ग्रँड ड्यूक कोसिमो मेदिची तिसरे यांना विकावा लागला. हे त्यांनी आनंदाने केले नव्हते. हितूच्या खडपांवर अनाम हातांनी वेचलेले शंख फ्लॉरेन्सच्या दरबारात गेले. जानेवारी १६८७ मध्ये अंबोन शहरात आग लागली आणि त्यांचे ग्रंथालय, अनेक हस्तलिखिते व वनस्पतिग्रंथाची चित्रे जळून गेली. चित्रे नव्याने काढवण्यात आली. वनस्पतिग्रंथाचे पहिले सहा भाग पूर्ण होऊन १६९२ मध्ये हॉलंडकडे रवाना झाले, तर ते नेणारे जहाज फ्रेंचांनी बुडवले. सुदैवाने बटाव्हियाचे गव्हर्नर जनरल काम्फाउस यांनी हस्तलिखित पुढे धाडण्यापूर्वी त्याची नक्कल करून ठेवली होती. १६९५ मध्ये ६१ चित्रे चोरीला गेली.

१६९६ मध्ये ग्रंथ एकदाचा हॉलंडला पोहोचला, तर कंपनीच्या संचालकांनी तो छापू दिला नाही. बेटावरील उत्पन्नांची इतकी बारीक माहिती प्रतिस्पर्ध्यांच्या हाती पडणे व्यापाराला घातक ठरेल, अशी त्यांना धास्ती होती. लवंग कोठे आणि कशी वाढते हे हितूच्या कोणत्याही शेतकऱ्याला माहीत होते. त्याने ते विनासायास सांगितले. पण कागदावर उतरताच ती माहिती कंपनीचे व्यापारी गुपित झाली. जैवसंपदेच्या ज्ञानाचा मालक कोण, या आजच्या वादाचे याहून स्पष्ट जुने उदाहरण सहज सापडणार नाही.

समुद्री जीवांवरचे पुस्तक, अंबोनचे दुर्मीळ वस्तूंचे दालन, त्यांनी डेल्फ्ट शहराचे नगराध्यक्ष आणि शंखसंग्राहक हेन्ड्रिक डाक्वेट यांच्याकडे पाठवले. ते ॲमस्टरडॅममध्ये १७०५ साली निघाले. पहिल्या भागात खेकडे, झिंगे, समुद्रतारे, समुद्रसाळी, दुसऱ्यात शंख-शिंपले, तिसऱ्यात खनिजे आणि दगड. साठ चित्रपट्टांची तयारी मारिया सिबिला मेरियन यांच्याकडे होती असे सांगितले जाते. रम्फियस यांची काही चित्रे मिळाली नाहीत, त्या ठिकाणी हॉलंडमधल्या संग्रहांतील शंख पाहून चित्रे काढली गेली. त्यामुळे वर्णन एका जीवाचे आणि चित्र थोडे वेगळे, असा घोटाळाही काही जागी झाला. तरीही लिनियस यांनी सागरी जीवांना नावे देताना या चित्रांचा आधार वारंवार घेतला. अंबोनचा एखादा शंख त्यांनी स्वतः पाहिला नसेल, पण रम्फियस यांच्या पानाचा आणि आकृतीचा क्रमांक ते देत. म्हणजे आज जगभर चालणाऱ्या कित्येक शास्त्रीय नावांच्या मुळाशी अंबोनच्या कोळ्यांनी सांगितलेली हकीकत आहे.

ही पुस्तके पाहायला रम्फियस हयात नव्हते. १५ जून १७०२ रोजी अंबोन येथेच त्यांचा मृत्यू झाला. सुमारे १,२०० वनस्पतींचा महाग्रंथ निघाला तो १७४१ ते १७५० या काळात, योहानेस बुर्मन यांच्या संपादनाखाली.

त्यांच्याच काळात मलबारात कंपनीचे दुसरे अधिकारी व्हान रेडे होर्तुस मलाबारिकस हा बारा खंडांचा ग्रंथ तयार करीत होते. त्या कामात रंग भट, विनायक पंडित आणि अप्पू भट हे कोकणी वैद्य आणि इट्टी अच्युतन हे मलयाळी वैद्य सहभागी होते. त्यांची प्रमाणपत्रे नावानिशी ग्रंथात छापलेली आहेत, कोकणी वैद्यांचे तर नागरी लिपीत. रम्फियस यांनीही माहिती देणाऱ्यांचे ऋण अनेक जागी मान्य केले. पण टोपली घेऊन खडपांवर उतरणाऱ्या बायका, सापळे लावणारे कोळी, बांदाची ती गुलाम स्त्री यांची प्रमाणपत्रे कोणी घेतली नाहीत. हा दोष एकट्या रम्फियस यांच्या माथी मारणे न्यायाचे होणार नाही. समकालीनांच्या तुलनेत त्यांनी फार अधिक ऐकले, आणि ऐकलेले स्थानिक नावांसकट जसेच्या तसे ठेवले. तरी ऐकणारा राज्यकर्त्यांचा अधिकारी होता आणि सांगणारे जिंकले गेलेले होते, हे विसरता येत नाही.

भारताने २००२ साली जैवविविधता कायदा केला. त्यानुसार पंचायतींच्या पातळीवर समित्या स्थापून लोकांकडून जैवविविधता नोंदवह्या करून घेण्याची आणि जैवसंपदेच्या वापरातून मिळणाऱ्या लाभाचा वाटा स्थानिकांना देण्याची तरतूद झाली. २०१० च्या नागोया करारानेही हेच तत्त्व देशादेशांपुढे ठेवले. किनाऱ्यावरील पंचायतींच्या अशा वहीत मासेमार आणि खुबे काढणाऱ्या बायका स्वतः बोलतात, की कोणी तज्ज्ञ त्यांच्या वतीने एका दुपारी रकाने भरून टाकतो, यावर पुष्कळ अवलंबून आहे. समुद्राची खरी चौकशी करायला रम्फियस यांना पन्नास वर्षे लागली होती.

१९९० साली युरोपातील प्राणिशास्त्रज्ञांचे एक पथक अंबोनला गेले. त्या मोहिमेला नाव रम्फियस यांचेच होते आणि हेतू होता तो त्यांनी वर्णिलेले जीव त्याच किनाऱ्यांवर पुन्हा शोधण्याचा. रम्फियस यांच्या मूळ कबरीचे दगड त्याच्या फार आधीच पळवले गेले होते. १८२४ मध्ये गव्हर्नर जनरल व्हान देर कापेलेन यांनी तेथे नवे स्मारक उभारले. दुसऱ्या महायुद्धातील बाँबफेकीत तेही उद्ध्वस्त झाले. पुढे ते पुन्हा बांधण्यात आले आणि अंबोन शहरात ते आज उभे आहे.